सर कुठं उभे असतात ते बघा

तासगावकडच्या एका ओळखीच्या काकांचा फोन आला होता. बेदाण्याचं शेड आहे त्यांचं, पोरगा बीएस्सी करून घरी बसलाय. म्हणाले, ‘साहेब, पोराला सॉफ्टवेअरचा कोर्स लावायचाय. सांगलीत लावू, का पुण्याला धाडू, का घरात बसून मोबाइलवरच शिकतो म्हणतोय तसं शिकू दे? तुम्ही त्यातलं आहात, सांगा की जरा.’ मी म्हटलं दोन दिवस द्या काका, आणि तोच प्रश्न आमच्या जुन्या दोस्तांच्या ग्रुपवर टाकला, तर तिथं दोन दिवस नुसती जुंपली. अर्ध्यांचं म्हणणं क्लासवाले लुटतात, सगळं यूट्यूबवर फुकट पडलंय, आता तर एआय आलाय, क्लास कशाला लागतोय. उरलेल्यांचं म्हणणं क्लासशिवाय प्लेसमेंट नाही, सर्टिफिकेट लागतंच, आमच्या भाच्याला क्लासमुळंच हिंजवडीत लागलं. सगळे शिकलेसवरलेले, बरेचसे याच धंद्यातले, पण वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की पहिल्यांदा कोड लिहायला बसलेला पोरगा नेमका कुठं अडतो याबद्दल त्या शेदीडशे मेसेजमध्ये एकही ओळ नव्हती. फी आणि पगार, पगार आणि फी, एवढ्यावरच सगळी चर्चा.

माझं मत आधी सांगून टाकतो. नवशिक्याला, म्हणजे वेबसाइट असो की डेस्कटॉप सॉफ्टवेअर, ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा चार ओळी लिहायला घेतल्यात त्याला, शिकवणारा माणूस जवळ लागतो. सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्यांत तर जास्तच लागतो, त्याची कारणं पुढं सांगतो. आणि क्लासची लायकी ठरवायला सिलॅबस, एसी, फ्लेक्सवरचे फोटो यातलं काही उपयोगाचं नाही. शिकवणारा पोरांच्या मागं जाऊन उभा राहतो का, त्यांच्या स्क्रीनकडं बघतो का, एवढंच बघायचं. तो बघत नसेल तर क्लासात आणि व्हिडिओत फरक काही उरला नाही, आणि मग व्हिडिओ फुकट असताना क्लासला पैसे का भरायचे हा प्रश्न अगदी रास्त आहे.

हे मी कुठून बोलतोय तेही सांगायला पाहिजे. २००३ साली सांगलीत शंभर फुटी रोडच्या बाजूला एका क्लासात मी व्हिज्युअल बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो. पुढं मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानांसाठी पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाच्या हिशोबाचं, सॉफ्टवेअर लिहिलं, ते अजून चालतंय, आता वेबचीही कामं करतो, आणि दरवर्षी दोन-तीन नवी पोरं हाताखाली येतात. काही क्लास केलेली, काही घरी शिकलेली. दोन्हीकडची चांगली आणि दोन्हीकडची कच्ची पोरं मी बघितलीत. मी स्वतः क्लास चालवत नाही.

आता पोरगा कुठं अडतो ते बघू. नवा पोरगा नोटपॅड उघडतो, पहिलं वेबपेज लिहितो, इंडेक्स डॉट एचटीएमएल नावानं सेव्ह करतो, डबल क्लिक करतो आणि पेज दिसायच्या ऐवजी सगळा कोड जसाच्या तसा नोटपॅडमध्ये उघडतो. का? कारण फाइलचं खरं नाव झालंय इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी, आणि विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावातली शेवटच्या डॉटपुढची अक्षरं, लपवून ठेवतं त्यामुळं त्याला ते दिसतच नाही. कोडमध्ये एक अक्षर चुकलेलं नसतं आणि हा बिचारा दोन तास कोडमध्येच चूक शोधत बसतो. व्हिडिओत ही चूक होत नाही, कारण व्हिडिओ करणाऱ्याच्या मशीनवर एक्स्टेन्शन दिसायची सेटिंग कधीचीच चालू असते. मागं उभ्या असलेल्या माणसाला ती तीन सेकंदात दिसते. तसंच फोटोचं. स्वतःच्या कॉम्प्युटरवर फोटो दिसतोय, सर्व्हरवर, म्हणजे वेबसाइट जिथून चालते त्या मशीनवर, टाकलं की गायब, कारण फाइलचं नाव कॅपिटल अक्षरात आणि कोडमध्ये स्मॉल, विंडोजला चालतं पण लिनक्स सर्व्हरला चालत नाही. या असल्या चुका कुठल्याच सिलॅबसमध्ये नसतात. आणि पहिल्या दोन महिन्यांत पोरं जी सोडून जातात ती यातच जातात, त्यांना वाटतं आपल्याला डोकंच नाही.

विरोधात बोलणाऱ्यांचा पहिला मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे: बरेच क्लास वाईट आहेत. माझ्याकडं एक मुलगी इंटरव्ह्यूला आली होती, सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण, सर्टिफिकेटवर फुल स्टॅक, म्हणजे वेबसाइटचं पुढचं-मागचं सगळं येतं असं, लिहिलेलं. मी तिला म्हटलं एक साधा फॉर्म कर, नाव आणि मोबाइल नंबर घे आणि डेटाबेसमध्ये टाक. तिला जमलं नाही, आणि ती रडवेली होऊन म्हणाली की सर आम्ही हे सगळं वहीत लिहून घेतलंय, लॅबला एका मशीनवर आम्ही तिघीचौघी असायचो आणि सर प्रोजेक्टरवर करून दाखवायचे. घरच्यांनी सोसायटीचं कर्ज काढून फी भरली होती. अशा वेळी राग येतो, आणि तो यायलाच पाहिजे. हे आपल्याकडंच आहे असंही नाही. अमेरिकेत ब्लूमटेक नावाची कोडिंग शाळा नोकरी लागलेल्यांचं प्रमाण ७१ ते ८६ टक्के सांगत होती, तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण खात्यानं एप्रिल २०२४ मध्ये कारवाई केली तेव्हा बाहेर आलं की खरा आकडा ५० च्या आसपास होता आणि काही बॅचेसचा तर ३० पर्यंत खाली. आपल्याकडंही नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कोचिंगच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्यात, नोकरीची, पगाराची खोटी हमी द्यायची नाही असं त्यात स्पष्ट आहे. स्टँडपासून कॉलेज कॉर्नरपर्यंत चालत गेलं तरी त्या सूचनांचं काय झालंय ते बोर्ड वाचून कळतं.

पण यातून निष्कर्ष काय काढायचा? वाईट डॉक्टर आहेत म्हणून आपण दवाखाने बंद करा म्हणत नाही. त्या मुलीचं नुकसान क्लासला गेल्यामुळं झालं का? तिचं नुकसान झालं कारण सहा महिन्यांत एकाही माणसानं ती काय टाइप करतीय ते बघितलं नाही. तिला पैसे घेऊन व्हिडिओच दाखवला, फक्त तो दाखवणारा माणूस समोर उभा होता.

दुसरा मुद्दा फुकट साहित्याचा. हाही जोरदार आहे आणि तो मी हलका करणार नाही. २००३ मध्ये मला एक पुस्तक घ्यायला पुण्याला अप्पा बळवंत चौकात जायला लागलं होतं. आज आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चरं एनपीटीईएलवर फुकट आहेत, हार्वर्डचा सीएस फिफ्टी फुकट आहे, फ्रीकोडकॅम्प फुकट आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातलं शिकवणं आमच्या त्या क्लासच्या शिकवण्यापेक्षा किती तरी सरस आहे. मग एवढं असूनही गावोगाव प्रोग्रामर का झाले नाहीत? हार्वर्ड आणि एमआयटीनं आपले ऑनलाइन कोर्स फुकट खुले केले त्यांची सहा वर्षांची आकडेवारी २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकात आली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे शंभरात साधारण तीन. इथं कुणी म्हणेल की नुसतं बघायला आलेले पण त्यात मोजलेत, बरोबर आहे, निम्म्याहून जास्त लोकांनी तर नाव नोंदवून कोर्स उघडलाही नव्हता. पण त्याच आकडेवारीत आणखी एक गोष्ट आहे जी मला जास्त महत्त्वाची वाटते: ज्यांनी पैसे भरून सर्टिफिकेटचा मार्ग घेतला त्यांच्यात पूर्ण करणारे ४६ होते. लेक्चर तेच, परीक्षा तीच. म्हणजे माणूस बांधला गेला की टिकतो. आणि क्लासात तर नुसते पैसे नसतात, साडेनवाची वेळ असते, शेजारी बसणारा दोस्त असतो, काल का आला नाहीस विचारणारं कुणीतरी असतं. आणि लक्षात घ्या, एवढं बांधून घेऊनही त्या ४६ च्या पलीकडं ५४ राहिलेच. त्यातले किती जण अशाच कुठल्या तरी डॉट टीएक्सटीपाशी थांबले असतील?

स्वतःच्या जिवावर शिकलेल्यांची उदाहरणं मला नेहमी दिली जातात. आहेत तशी माणसं, माझ्याकडंच एक पोरगा आहे, कवठेमहांकाळकडचा, कुठला क्लास नाही काही नाही, आणि आमच्यात सगळ्यात तरबेज आहे. पण त्याला एकदा निवांत विचारलं तेव्हा कळलं की त्याचा चुलतभाऊ इंजिनिअर आहे आणि पहिलं वर्षभर हा रोज रात्री त्याला व्हिडिओ कॉल करून स्क्रीन दाखवायचा. त्याच्या मागं उभा राहणारा माणूस घरातच होता. पुण्या-मुंबईच्या घरांत असा काका, मामा, शेजारचा दादा सहज सापडतो. जतच्या किंवा माणच्या वाडीतल्या पोराला तो कुठून आणायचा? ‘क्लासची गरजच नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा ज्याला घरबसल्या शिकवणारा मिळाला त्याच्याच तोंडून येतं, आणि त्याला ते मिळालं होतं हे त्याला आठवतही नाही.

आपल्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगायला लागू नये खरं तर. हा कुस्तीचा मुलूख आहे. मैदानाला लाख माणूस जमतो, सगळे डाव डोळ्यांनी बघतो, घरी येऊन कुणी पैलवान होतो का? डाव बघून कळतो, बसतो मात्र तालमीत, वस्तादानं पाय इथं नको तिथं ठेव म्हणून सांगितल्यावर. गोळेश्वरचे खाशाबा जाधव घ्या. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, लहानपणापासून लाल मातीत घडलेले, तरी १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा पुढं गादी होती, नियम वेगळे होते. तिथं रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकानं त्यांना शिकवलं आणि ते सहावे आले. चार वर्षांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. ताकद त्यांची, जिद्द त्यांची, ती कुणी शिकवलेली नाही. पण अंगात एवढं कसब असलेल्या माणसालाही मातीवरून गादीवर जाताना बाजूला उभं राहून सांगणारा लागला, मग ज्यानं माती पण बघितली नाही त्याला एकट्यानं शिक म्हणायचं?

आता एआय. हा सगळ्यात ताकदीचा मुद्दा आणि दोन वर्षं मी स्वतःशी यावर भांडलोय. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि मागं उभा राहणारा माणूस हीच गोष्ट फुकटात मिळते असं वाटायला लागलं. एरर टाक, उत्तर घे. रात्री दोन वाजता विचार, चिडत नाही. मराठीत विचार, मराठीत सांगतं. दहा वेळा तेच विचार, ‘कितीदा सांगू’ म्हणत नाही. आमच्या क्लासचे सर म्हणायचे. मी स्वतः रोज वापरतो आणि माझं काम त्यानं वाढलंय. मग नवशिक्यालाच का नको म्हणतोय मी?

वापरू नको असं माझं म्हणणं नाहीच. अडचण ही आहे की ते विचारलेल्याला उत्तर देतं, आणि नवशिक्याची खरी अडचण विचारता न येणं हीच असते. ज्याला फाइलचं एक्स्टेन्शन लपलंय हे माहीतच नाही तो विचारणार ‘माझा एचटीएमएल कोड चालत नाही’, आणि कोड पेस्ट करणार, आणि त्याला चांगला सजवलेला नवा कोड मिळणार, जो तो परत डॉट टीएक्सटी म्हणूनच सेव्ह करणार. दुसरं असं की ते गप्प बसलेलं पोर ओळखत नाही. चांगला शिकवणारा वर्गात कान देतो तो कीबोर्डच्या आवाजाकडं, तिसऱ्या रांगेतला आवाज थांबला की तो तिकडं चालायला लागतो. आणि तिसरं, उत्तर लगेच हातात आलं की शिकायचं राहून जातं. तुर्कस्तानातल्या शाळेत जवळपास हजार मुलांवर गणिताचा एक प्रयोग झाला, त्यात चॅटजीपीटीसारखी खिडकी हाताशी असलेल्या मुलांनी सरावाची गणितं ४८ टक्के जास्त चांगली सोडवली, आणि खिडकी काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ज्यांना ती कधी मिळालीच नव्हती त्यांच्यापेक्षा १७ टक्के मागं पडली. त्याच प्रयोगात एका गटाला थेट उत्तर न देता फक्त इशारे देणारी खिडकी दिली होती, त्यांचं हे नुकसान जवळपास झालं नाही. गणित आणि कोडिंग एकच नाही हे मला कळतं. पण कुठलं उत्तर द्यायचं आणि कुठलं अडवून धरायचं हे ठरवणं म्हणजेच शिकवणं, हे त्या प्रयोगानं माझ्यापुरतं पक्कं केलं.

२००३ चीच आठवण आहे. मी एक लूप, म्हणजे तेच काम परत परत करणारा कोड, लिहिला, रन केला आणि प्रोग्राम अडकला तो अडकलाच. सर मागं येऊन उभे राहिले. कंट्रोल आणि ब्रेक दाबायला सांगितलं, प्रोग्राम थांबवायला लावला आणि म्हणाले, ‘मी कीबोर्डला हात लावणार नाही. हा लूप कधी थांबणार ते तू मला सांग.’ मी वीस मिनिटं बसलो, घामाघूम झालो. मग दिसलं की आत फेऱ्या मोजणारा काउंटर वाढवायचाच राहिलाय. व्हिज्युअल बेसिक ६ हे १९९८ चं, मायक्रोसॉफ्टनं २००८ ला त्याचा सपोर्टही बंद केला, म्हणजे जे शिकलो ते पाच वर्षांत जुनं झालं. क्लासचा सिलॅबस जुना असतो ही तक्रार म्हणूनच मला तेवढी मोठी वाटत नाही. सिलॅबस नवा असावा, जरूर असावा, पण सी शार्पला गेलो, मग जावास्क्रिप्टला गेलो, तिथं माझ्यासोबत आली ती त्या दिवशीची वीस मिनिटं.

शिकवणारा आपल्या भाषेतला आणि आपल्या मातीतला असला तर आणखी एक गोष्ट होते. व्हेरिएबल म्हणजे डबा, त्यात व्हॅल्यू ठेवायची, हे सगळे व्हिडिओ सांगतात. आकड्यांपर्यंत तो डबा चालतो. मग जावास्क्रिप्टमध्ये अ‍ॅरे, म्हणजे बऱ्याच व्हॅल्यूंची यादी, येतो, पोरगा एका व्हेरिएबलचा अ‍ॅरे दुसऱ्याला देतो, दुसऱ्यात बदल करतो आणि पहिल्यातही बदल झालेला बघून चक्रावतो. डबे दोन, मग भाजी एकच कशी? माझ्या हाताखालच्या पोराला मी म्हटलं, डबा विसर, सातबारा आठव. तुझ्याकडं एक उतारा, भावाकडं एक उतारा, कागद दोन पण रान एकच ना? भावानं बांध फोडला तर तुझ्या उताऱ्यातलं रान तसंच राहील का? त्याचा चेहराच उजळला. हे मी आधी ठरवलेलं नव्हतं, त्याचा चेहरा बघून सुचलं, आणि त्याच्या घरात शेताची वाटणी चाललीय हे मला माहीत होतं म्हणून सुचलं.

मुलींबद्दल बोलायलाच पाहिजे, ते त्या ग्रुपवर कुणी बोललं नाही, आणि तिथं सगळे पुरुषच होते. आमच्याकडच्या गावात ‘क्लासला चाललेय’ हे वाक्य चालतं. फी भरलेली असते, वेळ ठरलेली असते, एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पोरगी दप्तर घेऊन निघते आणि तिला कुणी अडवत नाही. ‘घरात बसून मोबाइलवर शिकतेय’ हे मात्र चालत नाही. पाहुणे आले, चहा ठेव. गॅसवर दूध आहे, बघ. मोबाइल काय सारखा हातात. दिवसातून सलग दोन तास कुणी बोलावणार नाही अशी जागा मिळणं ही माझ्या हाताखाली काम केलेल्या तीन मुलींनी सांगितलेली क्लासची पहिली कमाई होती, कोड नंतर. घरात स्वतःची खोली, स्वतःचा लॅपटॉप आणि दारावर कडी असलेल्यानं फुकट व्हिडिओचा सल्ला देताना हे लक्षात ठेवावं.

आणि डेस्कटॉपला कमी लेखू नका. वेबच शिका, डेस्कटॉप मेलं, असंही त्या चर्चेत एकानं लिहिलं होतं. यार्डात या, लाइट गेली, नेट गेलं तरी इन्व्हर्टरवर पट्टी निघायलाच लागते, शेतकरी गाडी घेऊन थांबलेला असतो. तिथं वजन गुणिले दर, वजा हमाली, तोलाई असा हिशोब असतो आणि नवा पोरगा रक्कम डबलमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, साठवतो. कॉम्प्युटरला ०.१ अधिक ०.२ करायला सांगा, डबलमध्ये उत्तर येतं ते ०.३ च्या पुढं पंधरा शून्यं आणि शेवटी ४. एका पट्टीत दिसत नाही. वर्षअखेरीला हजारो पट्ट्यांची बेरीज खतावणीशी जुळत नाही आणि दिवाणजी म्हणतात तुमचं सॉफ्टवेअर खोटं आहे. पैशाला डेसिमल, म्हणजे दशांश जसाच्या तसा साठवणारा प्रकार, वापरायचं, हे वाक्य एका ओळीचं आहे, पण ते सांगायला ज्यानं दिवाणजीचं तोंड बघितलंय असा माणूस लागतो. २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच मशीनच्या दुसऱ्या ड्राइव्हवर होता त्यांचं वर्षाचं काम पाण्यात गेलं, माझ्या दोन गिऱ्हाइकांचं गेलं आणि त्यांना दुसरीकडं बॅकअप ठेवा हे मी ठासून सांगायला पाहिजे होतं. आता मी नव्या पोराला पहिल्या दिवशी तेच सांगतो.

मग अडचण कुठंय? मला वाटतं शिकवणाऱ्यांत आहे, आणि इथं क्लासच्या बाजूनं बोलणाऱ्यांशी माझं भांडण आहे. आपल्याकडं मागच्या बॅचला जो पास झाला तोच पुढच्या बॅचला शिकवायला उभा. त्याला कोड येतो की नाही हा प्रश्न नंतरचा, शिकवायचं कसं हे त्याला कुणी सांगितलंय का? कुरुंदवाडचे गायक विष्णू दिगंबर पलुसकर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गुरुगृही शिकले आणि त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, पुस्तकं, स्वरलिपी, परीक्षा. आज आपण क्लासबद्दल घेतो ती शंका तिथंही लागू होती: गाणं बॅचनं शिकवता येतं का? ती शंका खोटी नव्हती, वर्गातून मोठे गवई ढिगानं निघत नाहीत. पण पलुसकरांनी नुसते वर्ग काढले नाहीत, शिकवणारे घडवायला वेगळा उपदेशक वर्ग काढला, ती मुलं वर्षानुवर्षं त्यांच्याजवळ राहून शिकली, मिरजेचे विनायकराव पटवर्धन त्यातलेच. साताऱ्यात कर्मवीर अण्णांनी तेच केलं. १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, आणि गावोगाव शाळा काढायच्या तर मास्तर कुठून आणायचे म्हणून १९३५ ला साताऱ्यात शिक्षक तयार करणारं सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलं. आपण कोडिंगचे क्लास गल्लोगल्ली काढले, तो वर्ग काढलाच नाही.

आणि शिकवायचं कसं हे काही गुपित नाही. १९९८ पासून सॉफ्टवेअर कार्पेंट्री नावाचा उपक्रम शास्त्रज्ञांना प्रोग्रामिंग शिकवतोय, तिथं शिकवणाऱ्यालाच आधी प्रशिक्षण घ्यायला लागतं. तो तयार स्लाइड दाखवत नाही, सगळ्यांच्या समोर टाइप करतो, चुकतो, चूक कशी शोधायची ते दाखवतो. प्रत्येकाकडं दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या असतात, झालं की एक रंग लॅपटॉपला चिकटवायचा, अडलं की दुसरा, म्हणजे हात वर करायची लाज नाही आणि मदतनिसाला लांबूनच कळतं कुठं जायचं. आणि विद्यार्थ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. यातलं काय महाग आहे? चिकटचिठ्ठ्यांचं पाकीट? आयटीआयला कोपाचा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर आणि प्रोग्रामिंग असिस्टंटचा, वर्षाचा कोर्स आहे, दोन्ही जिल्ह्यांत इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, त्यांच्या लॅब संध्याकाळी सहानंतर कुलपात असतात. तिथं महिन्याला दोन शनिवार क्लासच्या शिकवणाऱ्यांसाठीच ठेवले तर काय बिघडेल? सरकारला काही करायचंच असेल तर कोचिंगवर १८ टक्के जीएसटी घेता, शंभराचे एकशे अठरा शेवटी पालकच भरतो, त्यातले चार पैसे तरी शिकवणारे घडवण्यावर येऊ देत.

काकांना मी दोन दिवसांनी फोन केला. म्हटलं फी विचारू नका, प्लेसमेंट विचारू नका, एक दिवस पोराला घेऊन जा आणि तासभर मागं बसायला परवानगी मागा, सर कुठं उभे असतात तेवढं बघा. आठवड्यानं त्यांचा फोन आला. ‘पहिल्या ठिकाणी बसूच दिलं न्हाई. दुसऱ्या ठिकाणी बसलो, सर तासभर फळ्यापास्नं हललं न्हाईत. तिसऱ्या ठिकाणी बारकीच खोली हाय ओ, चौदा पोरं, शिकवणारी एक मुलगीच हाय, माझ्या पोरीच्या वयाची. ती सारखी मागनंच फिरत हुती. एका पोराचं अडलं तर त्याच्या शेजारी खाली बसली, कायतरी इचारलं आन नुसती थांबली.’

‘कीबोर्डला हात लावला का तिनं?’

‘न्हाई ओ. हात मागं बांधून बसली हुती.’

पोरगा सोमवारपासून जातोय. फीचा दुसरा हप्ता बेदाण्याच्या सौद्यानंतर द्यायचा ठरलाय.